‘बघू’ नावाची कॉर्ड

खरं सांगा, आज सकाळपासून तुम्ही किती वेळा ‘बघू’ म्हणालात?

बॉसने विचारलं, शनिवारी अर्धा दिवस येशील का? बघू. आईने विचारलं, दिवाळीला किती दिवस आहेस? बघू. मैत्रिणीने ट्रेकचा ग्रुप काढला, बाकीच्यांनी पटापट अंगठे टाकले आणि तुम्ही लिहिलंत, ‘बघते गं...’ ‘हो’ म्हटलं की अडकलो, ‘नाही’ म्हटलं की वाईट दिसतं. ‘बघू’ कसं मस्त अधांतरी तरंगत राहतं. मी तर फ्रीलान्सर. माझी निम्मी कमाई माझ्या ‘बघते’वर आणि उरलेली निम्मी संपादकांच्या ‘बघतो’वर अवलंबून.

तर मुद्दा असा, की गिटारवर अशीच एक कॉर्ड आहे. ‘हो’ही म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. मेजर कॉर्ड रविवार सकाळसारखी असते. मायनर कॉर्ड रविवार संध्याकाळसारखी, उद्या ऑफिस आहे हे आठवून देणारी. ही तिसरी म्हणजे रात्री अकराला दाराची बेल वाजावी आणि दार उघडेपर्यंत कोण आलंय ते कळू नये, तशी. तिचं नाव ऑगमेंटेड. गेले तीन महिने मी तिच्या मागे लागले आहे, म्हणून या वेळचा कॉलम तिचा.

गिटार माझ्याकडे कॉलेजपासून आहे. मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला घेतली, चार कॉर्ड शिकले, त्या चार कॉर्डवर बसतील तितकी हिंदी गाणी कँटीनमध्ये वाजवली आणि मग ती कपाटावर गेली. वस्तू कपाटावर जाण्याची माझ्या खोलीत मोठी परंपरा आहे. तिथे एक बॅडमिंटनची रॅकेट आहे, जर्मनचं पहिल्या लेव्हलचं पुस्तक आहे आणि एका फाइलमध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेचं ‘प्रवेशिका पूर्ण’चं सर्टिफिकेट आहे. हो, मी गाणं शिकायचे. दहावीचं वर्ष आलं तेव्हा बाईंना म्हटलं, ‘परीक्षा झाली की येते.’ त्याला आता तेरा वर्षं झाली.

पावसाळा सुरू झाला, वीकेंडचे प्लॅन धडाधड कॅन्सल झाले आणि कोणत्या तरी लहरीत मी गिटार खाली काढली. गुरू सोसायटीतच मिळाला. बी विंग, वय वर्षं एकवीस, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. तो मला ताई म्हणतो, मी त्याला अरे-तुरे करते आणि तरीही दर शनिवारी सकाळी दहा वाजता तो मला झापतो आणि मी मान खाली घालून ऐकते. चिडवायला म्हणून मी त्याला गुरुजी म्हणते. आता तो खरंच तसा वागायला लागलाय.

पहिल्या दिवशी मी ऐटीत म्हटलं, ‘गुरुजी, त्याच त्या चार कॉर्ड नकोत. जरा हटके काहीतरी शिकव.’

‘ऑगमेंटेड आर्पेजिओ करूया,’ तो म्हणाला. ‘शेप सोप्पा आहे. बाकी अवघड आहे.’

मी फक्त पहिलं वाक्य ऐकलं.

आर्पेजिओ म्हणजे काय? कॉर्ड म्हणजे भेळ, सगळं एकदम तोंडात. आर्पेजिओ म्हणजे तेच जिन्नस एकामागून एक. कॉर्डमधले स्वर एकदम न छेडता सुटे सुटे, ओळीने वाजवायचे. आता सी मेजर घ्या. त्यात सी, ई आणि जी. सी म्हणजे सा मानला, तर सा, ग, प. सुखी, समाधानी, मध्यमवर्गीय. ऑगमेंटेड करताना फक्त त्या ‘प’ला एक फ्रेट वर ढकलायचं. तो झाला कोमल ध, म्हणजे जी शार्प. सा, ग, कोमल ध. बस, एवढंच. पण त्या एका फ्रेटने घराची एक भिंतच काढून टाकावी तसं होतं.

कारण अंतरं मोजा. सा ते ग चार फ्रेट. ग ते कोमल ध चार फ्रेट. कोमल ध ते वरचा सा, परत चार फ्रेट. बारा फ्रेटच्या सप्तकाचे तीन सारखे वाटे. म्हणजे तिघांपैकी कोणाही एकाला ‘सा’ म्हणा, बाकीचे दोघं तेच राहतात. सी ऑगमेंटेड, ई ऑगमेंटेड आणि जी शार्प ऑगमेंटेड या तीन नावांच्या कॉर्डमध्ये स्वर तेच तीन. कागदावर बारा कॉर्ड, प्रत्यक्षात फक्त चार. बाराचं पाठांतर होतं, आठ माफ झाले! इन्कम टॅक्समध्ये अशी सूट कधी मिळालीय?

गिटारवर तर हे फारच देखणं दिसतं. शेजारशेजारच्या दोन तारांमध्ये पाच फ्रेटचा फरक असतो. आपल्याला चारच वर जायचंय, म्हणून पुढच्या तारेवर एक फ्रेट मागे यायचं. अपवाद एकच. जी आणि बी या दोन तारांमध्ये फरक चारचाच आहे, म्हणून तिथे फ्रेट तोच राहतो. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत येताना आकडे असे: ४-३-२-१-१-०. जिन्यावरून उतरल्यासारखे. आता हाच जिना उचलून चार फ्रेट वर न्या: ८-७-६-५-५-४. स्वर तेच तीन, फक्त क्रम बदलला. अजून चार वर: १२-११-१०-९-९-८. परत तेच. एक शेप शिकलात की अख्खी गिटार तुमची.

मी सॉल्लिड खूश. आठवड्यात शेप पाठ. मग रोज रात्री जेवण झालं की अर्धा तास बैठक. मोबाइलवर मेट्रोनोम लावायचा, मिनिटाला साठ ठोके, एका ठोक्यात तीन स्वर. सहा तारा म्हणजे दोन ठोके. वाजवून झालेल्या तारेवरचं बोट लगेच सैल करायचं, नाहीतर स्वर एकमेकांत मिसळतात आणि आर्पेजिओची परत भेळ होते. जी आणि बी तारेवर फ्रेट एकच असल्यामुळे पहिलं बोट आडवं ‘रोल’ करायचं, म्हणजे पोळी लाटताना लाटणं फिरतं तसं बोटाचं पेर एका तारेवरून दुसरीवर टेकवायचं. आणि वरच्या शेपमध्ये शेवटचा स्वर घेताना हाताला एक फ्रेट मागे सरकावं लागतं. साठवर जमलं की चौसष्ट. मग अडुसष्ट. बहात्तरला रोल फसला, तिथे चार दिवस अडकले. तीन आठवड्यांत शंभरवर गेले. बोटांच्या टोकांना घट्टे पडले आणि कीबोर्डवर टाइप करताना टकटक आवाज यायला लागला. काय भारी वाटत होतं, विचारू नका!

आणि मग ती गच्ची आली.

आमचा एक वीकेंड बँड आहे. एचआरवाली मैत्रीण गाते, एक सीए बेस वाजवतो, एक डेंटिस्ट कहोनवर बसतो, म्हणजे अक्षरशः त्या खोक्यावर बसून ते वाजवतो, आणि गिटारवर मी. बँडला अजून नाव नाही, कारण नावाचा विषय निघाला की चौघंही ‘बघू’ म्हणतात. मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिच्या गच्चीवर तीसेक माणसांसमोर पाच गाणी करायची ठरली. त्यातलं पहिलं बीटल्सचं ‘ओ! डार्लिंग’, १९६९च्या ‘ॲबी रोड’ अल्बममधलं. या गाण्याची सुरुवातच मुळी एका ऑगमेंटेड कॉर्डने होते. ई ऑगमेंटेड. म्हणजे ई, जी शार्प आणि सी, माझे तेच पाठ झालेले तीन स्वर. ती कॉर्ड वाजते, गाणारा तिच्यावरून उडी मारतो आणि सगळे मिळून ए मेजरवर उतरतात. मी सुचवलं, ‘ती कॉर्ड मी नुसती वाजवत नाही, आर्पेजिओ करून उलगडते. शेवटी सुराला धरून थांबते, मग तुम्ही या.’ सगळे इंप्रेस.

गच्चीवर दिवे लावलेले, खाली वडापावची परात, सगळे गप्प. मी एकटीने सुरुवात करायची. बाराव्या फ्रेटवर हात ठेवला आणि वाजवलं. १२-११-१०-९-९-८. बोटं अशी गेली की काय सांगू, लोण्यासारखी. मैत्रिणीने सूर उचलला, बेस आणि कहोन ए मेजरवर धप्पकन उतरले... आणि मी तिथेच. आठव्या फ्रेटवर. सी वाजतोय, कणखर, स्पष्ट.

ए मेजरमध्ये सी नसतो. सी शार्प असतो. एकच फ्रेट पुढे, नववा. ‘ए’ला सा धरलं, तर सगळा बँड शुद्ध गंधारावर आणि मी एकटी कोमल गंधारावर. वाढदिवसाच्या केकवर कोणीतरी मूठभर मीठ टाकावं तसं. मैत्रीण गाता गाता माझ्याकडे बघायला लागली. मी घाबरून सगळ्या ताराच दाबून टाकल्या आणि पहिलं कडवं संपेपर्यंत गिटार वाजवायचं नाटक केलं. लोकांनी टाळ्या दिल्या. लोक चांगले असतात. पण घरी येताना रिक्षात मला कळलं होतं की ही गिटार आता परत कपाटावर जाणार. ते माझ्या पोटात येणारं फीलिंग मी ओळखते. रॅकेटच्या वेळी आलं होतं, जर्मनच्या वेळी आलं होतं. ‘थोडे दिवस ब्रेक घेऊ, मग बघू.’

शनिवारी क्लास बंद करते हे सांगायलाच मी बी विंगला गेले. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘एकदा वाजव ना ताई. घरी वाजवतेस तसं.’

मी वाजवलं. १२-११-१०-९-९-८.

‘आणि मग?’

‘मग काय? परत पहिल्यापासून.’

‘म्हणजे तू रोज रात्री शंभर वेळा आठव्या फ्रेटवर थांबायची प्रॅक्टिस केलीस,’ तो म्हणाला. ‘आणि गच्चीवर बरोब्बर आठव्यावर थांबलीस. चुकलं कुठे? जे घोटलंस तेच आलं.’

एकवीस वर्षांचा मुलगा. डोक्याला शॉट!

मग त्याने मला या कॉर्डचा खरा फंडा सांगितला. शेप सोपा असतो कारण तो सगळीकडून सारखा आहे. आणि तोच त्याचा धोकाही आहे. मेजर आर्पेजिओ वाजवताना बोटांना कळतं की आपण घरापासून किती लांब आहोत, कारण पायऱ्या लहान-मोठ्या असतात. ऑगमेंटेडमध्ये सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या. कितव्या मजल्यावर आहोत ते पायांना कळत नाही. बोटं आरामात गोल गोल फिरत राहतात आणि आपल्याला वाटतं, वा, काय जमतंय! पण ही कॉर्ड राहण्यासाठी नाहीच. ती कुठेतरी जाण्यासाठी आहे. कुठे जायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि निघायच्या आधी ठरवायचं.

आणि जायला जागा किती! त्याने वहीत लिहून दिलं. सी, ई, जी शार्प. यातला कोणताही एकच स्वर एक फ्रेट खाली आणा, मेजर कॉर्ड मिळते. जी शार्पचा जी केला की सी मेजर. सीचा बी केला की ई मेजर. ईचा ई फ्लॅट केला की ए फ्लॅट मेजर. उलट एकच स्वर एक फ्रेट वर न्या, मायनर मिळते. जी शार्पचा ए केला की ए मायनर, सीचा सी शार्प केला की सी शार्प मायनर, ईचा एफ केला की एफ मायनर. एकाच कॉर्डमधून सहा घरांची दारं, प्रत्येक दार फक्त एका फ्रेटवर. आमच्या ‘ओ! डार्लिंग’मधलं दार जरा वेगळं. तिथे ई जागेवर राहतो, जी शार्प आणि सी दोघं एकेक फ्रेट वर सरकतात आणि ए मेजर होते.

तेव्हापासून माझा रियाज बदलला. तुमच्यापैकी कोणी गिटार घेऊन बसत असाल तर हे करून बघा, फुकट सांगते. एक, आर्पेजिओ कधीही एकटा वाजवायचा नाही. सहा स्वर आणि सातवा उतरण्याचा, असा सात स्वरांचाच घास करायचा. दोन, सुरू करायच्या आधी मोठ्याने बोलायचं, ‘ए मेजर’ किंवा ‘एफ मायनर’, आणि तिथेच उतरायचं. शेजारी हसतील. हसू दे. तीन, वेग साठच्या वर न्यायचा नाही, जोपर्यंत सहाही दारं डोळे मिटून सापडत नाहीत. (शंभरवरून परत साठवर येताना इगोला लागतं. लागू दे.) आणि चार, वाजवायच्या आधी गायचं.

चौथ्यावर मी अडले, ते पुढे सांगते. आधी थोडं गॉसिप, कारण या कॉर्डने भल्याभल्यांना झुलवलंय. १८५३मध्ये बर्लिनमध्ये कार्ल फ्रिडरिश वाइट्झमान नावाच्या गृहस्थांनी फक्त हिच्यावर एक पुस्तक लिहिलं, आणि वर सांगितलेली ती सहा दारं आजही त्यांच्याच नावाने ओळखली जातात. चार वर्षांनी, १८५७मध्ये, वायमारला फ्रान्झ लिस्टची ‘फाउस्ट सिंफनी’ पहिल्यांदा वाजली. तिची सुरुवात म्हणजे चक्क ऑगमेंटेड आर्पेजिओ. चारही ऑगमेंटेड एकामागून एक उलगडत जातात आणि बाराही स्वर येऊन जातात. सगळं ज्ञान मिळवूनही कुठेच चैन न पडणाऱ्या फाउस्टसाठी याहून चपखल सुरावट कुठली? पुढे १९६४मध्ये चक बेरीने ‘नो पर्टिक्युलर प्लेस टू गो’ या गाण्याची सुरुवात गिटारवरच्या ऑगमेंटेड कॉर्डने केली. कुठे जायचं ते ठरलेलं नाही असं नाव, आणि पहिलीच कॉर्ड ही!

पण मला चिकटलाय तो किस्सा जॉन कोलट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’चा. जॅझमधली ही प्रसिद्ध रचना १९५९मध्ये रेकॉर्ड झाली. तिच्यात गाण्याचं ‘घर’ सारखं बदलत राहतं. बी, जी आणि ई फ्लॅट अशी तीन घरं, प्रत्येकात चार फ्रेटचं अंतर. म्हणजे अख्खी रचनाच एका ऑगमेंटेड कॉर्डवर उभी, आणि वेग असा की श्वास घ्यायला फुरसत नाही. पियानोवर होता टॉमी फ्लॅनगन, मुरलेला, नावाजलेला वादक. त्याच्या सोलोची पाळी येते आणि तो अडखळतो. दोन-चार स्वर, मग थांबतो, परत दोन-चार. हे अडखळणं रेकॉर्डवर कायमचं राहिलं. जगभर लोक आजही ऐकतात. माझ्या गच्चीला निदान तीसच माणसं होती! पण गंमत पुढे आहे. १९८२मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी, याच फ्लॅनगनने कोलट्रेनच्या आठवणीत एक अल्बम रेकॉर्ड केला. नाव ‘जायंट स्टेप्स’. आणि त्यात ही रचना तो अशी वाजवतो, जशी आपल्या गल्लीतून चालत जावी. मी दोन्ही रेकॉर्डिंग एका रात्रीत पाठोपाठ ऐकली. झोप लागली नाही.

आता तो चौथा नियम. वाजवायच्या आधी गायचं.

मी मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावलं. तेरा वर्षांनी. सा लावला, बरा लागला. ग लावला. आणि मग गिटारवर तोच ग वाजवून बघितला तर काहीतरी टोचलं. गिटारचा ग किंचित वर होता. किंचितच, पण होता. मी गिटार परत ट्यून केली. तरी वरच. बिघाड गिटारमध्ये नव्हता. कारण एकदम, स्वच्छ, बाईंचा आवाज कानात आला, ‘पेटीचा गंधार चढा असतो गं. पेटी मिट आणि तंबोऱ्याचा ऐक.’

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो. कोणी वाजवत नाही, तो आतूनच येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आठवी-नववीत मला तो ऐकायला येईना, तेव्हा बाईंनी मला सलग किती तरी दिवस गायलाच दिलं नव्हतं. नुसतं बसून ऐकायचं. मला ती शिक्षा वाटायची.

गुरुजींना सांगितलं तर त्याने लगेच गणित मांडलं, इंजिनिअर तो. सप्तकाचे १२०० भाग केले तर त्यांना सेंट म्हणतात. गिटार, पियानो, पेटी यांच्यावर एक फ्रेट किंवा एक पट्टी म्हणजे १०० सेंट, म्हणून सा ते ग ४००. पण स्वयंभू गंधार सुमारे ३८६वरच असतो. म्हणजे गिटारचा ग साधारण १४ने चढा. आता खऱ्या, निसर्गातल्या गंधाराच्या तीन पायऱ्या चढा. वरच्या सापर्यंत पोचतच नाही, सुमारे ४१ सेंट खाली राहतो. ऑगमेंटेडचा तो सुंदर, सगळीकडून सारखा गोल मुळात पूर्ण होतच नाही! प्रत्येक पायरी थोडी थोडी ताणून फ्रेटवाल्यांनी तो जुळवून घेतलाय. तडजोड आहे, पण काय कामाची तडजोड!

मला मात्र वेगळंच सुचत होतं. मला कायम वाटायचं, जे सोडलं ते गेलं. कपाटावरच्या वस्तूंवर धूळ बसते तसं. पण हा कान कुठून आला? तीन महिन्यांत बोटं तयार झाली ती गुरुजींमुळे. १४ सेंटचा फरक टोचला तो बाईंमुळे, आणि तो कान तेरा वर्षं मी साधा वापरलाही नव्हता. गच्चीवर मी नवव्या फ्रेटला चुकले, तो फ्रेट म्हणजे तरी काय होता? शुद्ध गंधारच. बोटांवर सोडला म्हणून चुकला. कानाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

मागच्या शनिवारी परत त्याच गच्चीवर जमलो. या वेळी माणसं दहाच. मी मनात सी शार्प गाऊन घेतला, मग हात ठेवला. १२-११-१०-९-९-८... आणि ९. अगदी केसभर उशीर झाला, डेंटिस्टने कहोनवरून भुवई उडवली. पण उतरले. शुद्ध गंधारावर, सगळ्यांबरोबर. टाळ्याबिळ्या काही नाहीत. गाणं सुरू झालं, इतकंच.

रविवारी सकाळी बाईंना फोन लावला. नंबर तोच निघाला. दर गुरुपौर्णिमेला मी त्यांना मेसेज करते आणि त्या दर वर्षी विचारतात, ‘गाणं चालू आहे ना?’ मी लिहिते, ‘वेळ मिळत नाही बाई, पण बघते.’ तेरा गुरुपौर्णिमा.

‘बाई, मी बोलतेय.’

‘ओळखला गं आवाज. काय म्हणतेस?’

मी गिटारचं सांगितलं, चढ्या गंधाराचं सांगितलं. त्या हसल्या. मग मी विचारलं, ‘बाई, परत यायला लागू का? आता जमेल का मला?’

‘गुरुवारी साडेपाचला ये,’ त्या म्हणाल्या. ‘गळ्याचं काय करून ठेवलंयस ते बघू.’

माझ्या तोंडात शब्द आला होता. गुरुवारी एका लेखाची डेडलाइन आहे, साडेपाचला कर्वे रोडला ट्रॅफिक असतं, वगैरे वगैरे. आठव्या फ्रेटवर बोट होतं.

‘येते,’ मी म्हटलं.

हा कॉलम लिहून होतोय, आज बुधवार आहे. डेडलाइनवाल्या संपादकांना शुक्रवारचं सांगितलंय. ते म्हणाले, ‘बघतो.’